इंदुरात नवं बिऱ्हाड मांडताय? रोजच्या पाच युनिटांचा हिशोब

इंदुरात घर चालवायला लागलात की सगळ्यात आधी एक आकडा पाठ करा: दिवसाला पाच युनिट.

पुणे, नाशिक, नागपूरकडून नोकरीसाठी किंवा लग्न होऊन इकडे आलेल्यांना हे कुणी सांगत नाही. मध्य प्रदेशात 'अटल गृह ज्योती' नावाची योजना आहे. महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला, तर पहिल्या १०० युनिटांचे फक्त १०० रुपये लागतात आणि वरच्या पन्नासांना नेहमीचा दर. १५० च्या पुढे गेलात की ही सवलत त्या महिन्यापुरती पूर्णपणे जाते, पहिल्या शंभर युनिटांचीसुद्धा. म्हणजे १४८ आणि १५५ युनिटांच्या बिलात सात युनिटांचा फरक असला, तरी रुपयांतला फरक काही शेकड्यांचा असतो. हा हिशोब दिवसांवर चालतो. रीडिंग तीस दिवसांनी झालं तर १५०, पंचवीस दिवसांनी झालं तर १२५. म्हणून महिन्याचा आकडा लक्षात ठेवण्यापेक्षा रोजचे पाच युनिट लक्षात ठेवणं सोपं. त्यासाठी अर्ज लागत नाही, सवलत आपोआप बिलात उतरते. सरकारी योजनांचे नियम बदलत असतात, तेव्हा आपल्या ताज्या बिलावर 'सब्सिडी'ची ओळ आहे की नाही ते दर महिन्याला बघत जा.

पाच युनिटांत घर चालतं का? पंखे, फ्रिज, टीव्ही, मिक्सर, वॉशिंग मशीन असलेलं चार माणसांचं घर वर्षातले सात-आठ महिने आरामात चालतं. मात्र वीज कुठे जळते ते आधी कळायला हवं. आपल्या घरांत सगळा ओरडा दिव्यांवरून होतो: "बाथरूमचा दिवा कुणी चालू ठेवला?" तो दिवा नऊ वॅटचा एलईडी असेल, तर रात्रभर जळूनही एका युनिटाचा दहावा भाग खात नाही. त्याच बाथरूममधला गिझर मात्र अर्ध्या तासात एक युनिट ओढतो, आणि त्यावरून कुणी कुणाला बोलत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सवयी लावायच्याच असतील तर तिथे लावा जिथे काहीतरी गरम होतं, जिथे काहीतरी गार होतं, आणि जिथे एखादी वस्तू चोवीस तास चालू असते. बाकीचं आपोआप जमतं.

आधी बिल आणि मीटर

इथली वीज मध्य प्रदेश पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी देते. मुख्यालय पोलो ग्राउंडला, आणि तुमच्या भागाचं कार्यालय म्हणजे 'झोन'. शेजाऱ्याला "आपला झोन कोणता?" असं विचारलं की तो लगेच सांगेल. तक्रारीचा नंबर १९१२. बिल हिंदीत येतं. त्यातल्या चार ओळी ओळखीच्या करून घ्या: 'खपत' म्हणजे वापरलेले युनिट, 'ऊर्जा प्रभार' म्हणजे युनिटांचे पैसे, 'नियत प्रभार' म्हणजे स्थिर आकार, आणि 'विद्युत शुल्क' म्हणजे सरकारचा कर. नावात 'नियत' असलं तरी हा आकार वापराबरोबर चढतो. युनिट कमी केले की तोही उतरतो.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी इथेच एक महत्त्वाची गोष्ट. घरमालकाच्या एकाच मीटरवर दोन-तीन बिऱ्हाडं असतील आणि तुम्हाला सबमीटर लावून युनिटाला ठरलेला दर घेत असतील, तर तुम्ही कितीही जपून वापरलं तरी सवलत मिळणार नाही, कारण कंपनीच्या हिशोबात सगळ्यांचे युनिट एकत्र मोजले जातात. घर बघतानाच विचारा: "भैया, मीटर अलग है क्या?" दोन हजार भाडं कमी आहे म्हणून खूश होण्याआधी हा प्रश्न विचारलेला बरा.

आता मीटरकडे चला. शहरातल्या पुष्कळ घरांत स्मार्ट मीटर बसले आहेत. त्यांचा रोजचा वापर कंपनीच्या 'ऊर्जस' ॲपवर दिसतो. साधा डिजिटल मीटर असेल तरी काही अडत नाही. रोज एका ठरलेल्या वेळी, समजा सकाळी दूध घ्यायला खाली उतरता तेव्हा, आकडा वाचायचा आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहायचा. कालच्या आकड्यातून वजाबाकी केली की कालचा वापर कळतो. आठवडाभर हे केलं की कोणत्या दिवशी युनिट उडी मारतात आणि त्या दिवशी घरात काय झालं होतं, हे दोन्ही तुम्हालाच दिसायला लागतं. कपडे धुतले होते का, पाहुणे होते का, मुलाने रात्री एसी लावला होता का.

त्याहून बारकाईने बघायचं असेल तर मीटरवरचा छोटा लाल दिवा बघा. तो लुकलुकत असतो आणि त्याच्या शेजारी एक आकडा छापलेला असतो, बहुतेक वेळा १६०० किंवा ३२०० असा. एक युनिट वीज गेली की तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. मीटर ३२०० चा असेल तर एका मिनिटातल्या लुकलुकण्यांना १८.७५ ने गुणा, त्या क्षणी घरात किती वॅट चालू आहेत ते मिळतं. १६०० चा असेल तर ३७.५ ने गुणा. आता घरातलं सगळं बंद करून फक्त बैठकीतला जुना पंखा चालू करा. मिनिटात चार वेळा लुकलुकला, म्हणजे ७५ वॅट. मग तो बंद करून फक्त गिझर लावा. दिवा इतका भराभर उघडझाप करतो की मोजताना दमछाक होते, मिनिटाला शंभराच्या वर. घरातल्या मुलांना हे काम द्या. एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही.

याच दिव्यावर आणखी एक तपासणी होते. रात्री निजण्याआधी सगळी बटणं बंद करा, फ्रिजचा प्लगही पाच मिनिटं काढा. तरीही दिवा मधूनमधून लुकलुकत असेल, तर घरात कुठेतरी काहीतरी खातंय: सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राउटर, इन्व्हर्टर, मायक्रोवेव्हचं घड्याळ. आणि मेन स्विच खाली पाडल्यावरही मीटर पुढे सरकत असेल, तर ते तुमच्या सवयींचं काम नाही. १९१२ वर तक्रार नोंदवा.

गिझर: हिवाळ्यातले निम्मे युनिट इथे जातात

मुंबईहून आलेल्यांना माळव्यातला डिसेंबर-जानेवारी चांगलाच झोंबतो. पारा दहाच्या आसपास उतरतो, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला बोचतं, आणि गिझरचं बटण सकाळी सहाला चालू होतं ते नऊला कुणाच्या तरी लक्षात आल्यावर बंद होतं.

आंघोळीच्या पाण्याचा हिशोब सरळ आहे. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून चाळीस अंशांवर न्यायची तर जवळजवळ अर्धं युनिट लागतं. यात कॉइलने पाणी तापवणारं कोणतंही यंत्र काही वाचवू शकत नाही. गिझर असो की रॉड, पाणी तापवायला तेवढी ऊर्जा लागणारच. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे दोन युनिट, पाचातले दोन. म्हणून वाचवायचं ते दोनच ठिकाणी: पाणी किती घेतो त्यात, आणि तापलेलं पाणी वाया किती जातं त्यात.

शॉवरपेक्षा बादली बरी, हे वेगळं सांगायला नको. त्यापुढे, गिझरच्या खालच्या बाजूला एक छोटी चकती असते, काहींत ती झाकणाच्या आत असते. ती बहुतेक घरांत शेवटच्या खुणेवर फिरवलेली असते. म्हणजे पाणी पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत उकळत ठेवायचं, आणि मग त्यात थंड पाणी मिसळून ते कोमट करायचं. ती ५० अंशांच्या जवळ आणा. पाणी जितकं जास्त तापलेलं तितकी त्याची उष्णता टाकीतून बाहेर पडते. आंघोळी एकापाठोपाठ उरका. पहिला सहाला, दुसरा साडेसातला, तिसरा नऊला असं झालं की टाकी मध्ये निवते आणि परत परत तापते. "गिझर सतत चालू ठेवला तर कमी वीज खातो" असं छातीठोक सांगणारे तुम्हाला भेटतील. ते खरं नाही. थर्मोस्टॅट मधूनमधून बंद होतो हे बरोबर, पण तो परत चालू होतो तो निवलेली उष्णता भरून काढायलाच. लागेल तेव्हा पंधरा-वीस मिनिटं आधी लावा आणि शेवटची बादली भरली की बंद करा.

ज्यांनी अजून गिझर घेतलेला नाही त्यांनी घाई करू नये. दोन माणसांच्या घराला सहा ते दहा लिटरचा गिझर पुरतो. मोठी टाकी घेतली की दोन बादल्यांसाठी पंचवीस लिटर तापतं. गच्ची मोकळी असलेल्या स्वतःच्या घरात सौर वॉटर हीटरचा विचार करा. इंदुरात हिवाळ्याच्या दिवसांत आकाश स्वच्छ असतं, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच ऊन चांगलं मिळतं.

पाण्यात साबणाचा फेस येत नसेल, नळाच्या तोंडावर पांढरा थर जमत असेल, तर तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे. ते क्षार गिझरच्या कॉइलवरही बसतात आणि पाणी तापायला जास्त वेळ लागतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, मिस्त्रीकडून कॉइल साफ करून घ्या.

उन्हाळा: कूलरचं शहर आहे, त्याचा फायदा घ्या

इथला एप्रिल-मे कोरडा असतो. पारा चाळिशीच्या वर जातो पण घाम लगेच सुकतो. अशा हवेत पाण्याचा कूलर जितकं काम करतो तितकं मुंबईत कधीच करणार नाही, आणि म्हणून कोकणपट्टीतून आलेली माणसं त्याला उगाच कमी लेखतात. खिडकीचा कूलर १५० ते २०० वॅट घेतो. दीड टनाचा एसी जोरात चालू असतो तेव्हा दीड हजार वॅटच्या आसपास घेतो. रात्रीचे आठ तास कूलर लावला तर दीड युनिट, आठ तास एसी लावला तर, तो मधूनमधून थांबतो हे धरूनही, सात-आठ युनिट. एसीच्या एका रात्रीत पाच युनिटांचा पूर्ण दिवस संपून वर काही जातं.

कूलर लावायची रीत मात्र जाणून घ्या. कूलर बाहेरची कोरडी हवा आत घेतो, ती ओली करून गार करतो आणि खोलीत ढकलतो. त्या हवेला बाहेर जायला वाट हवी. दारं-खिडक्या घट्ट बंद करून कूलर लावला की तासाभरात खोली दमट होते, चादर चिकट लागते आणि मग "कूलर गार करत नाही" म्हणून एसी आणला जातो. समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. कूलर खिडकीबाहेर, शक्यतो सावलीत ठेवा. खोलीच्या मध्यभागी ठेवलेला कूलर तीच ती ओली हवा फिरवत बसतो. आतलं गवत दर वर्षी मार्चमध्ये बदला. क्षारांनी कडक झालेल्या गवतातून हवा जात नाही, मोटर मात्र तेवढीच वीज घेते. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून ती घासून कोरडी करा, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. आणि जूनच्या अखेरीस पावसाची हवा आली की पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. दमट हवेत आणखी पाणी मिसळून काही मिळत नाही.

दुसरी गोष्ट, रात्र. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. माळव्याच्या पठारावर दिवस कितीही तापला तरी सूर्य मावळल्यावर वारा सुटतो. 'शब-ए-मालवा' ही ख्याती त्या रात्रींचीच. तिचा उपयोग करायचा तर दिवसाचा क्रम उलटा लावावा लागतो. सकाळी नऊच्या सुमारास पूर्वेच्या आणि नंतर पश्चिमेच्या खिडक्या बंद, जाड पडदे ओढलेले. संध्याकाळी सातनंतर सगळं सताड उघडं. बरेच जण दिवसभर "हवा येऊ दे" म्हणून खिडक्या उघड्या ठेवतात, त्यातून लू, म्हणजे दुपारचा गरम वारा, आत येते, भिंती तापतात आणि रात्री बारापर्यंत त्या भिंती खोलीत उष्णता सोडत राहतात. खिडकीला बाहेरून चटई किंवा हिरवी जाळी बांधली तर आतल्या पडद्यापेक्षा तिचा उपयोग जास्त, कारण ऊन काचेच्या आत येण्याआधीच अडतं.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर होळी झाल्यावर गच्चीवर चुन्याचे दोन हात द्या. पांढरा पृष्ठभाग बरंच ऊन परत फेकतो आणि स्लॅब तितकी तापत नाही. खर्च अगदी थोडा, काम एका सकाळचं. भाड्याच्या घरातही घरमालक याला सहसा नाही म्हणत नाही.

एसी असेलच, आणि लहान बाळ किंवा आजारी माणूस घरात असेल तर तो जरूर लावावा. तेव्हा तो २६ वर ठेवून छताचा पंखा मंद चालू ठेवा. तापमान एक अंशाने वाढवलं की एसीची वीज साधारण सहा टक्क्यांनी कमी होते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या स्टार लेबलच्या खोलीच्या एसीत सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवणं म्हणूनच सक्तीचं झालं. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होते हा समज आहे. साध्या एसीचा कंप्रेसर त्याच जोरावर चालतो, फक्त थांबत नाही. उन्हाळ्यात इथे धूळ खूप उडते, तेव्हा जाळी दर पंधरवड्याला काढून नळाखाली धुवा.

एसीच्या महिन्यांत १५० चा आकडा बहुतेक घरांत सुटतो. वाईट वाटून घेऊ नका आणि हातही सोडू नका. पुढची पायरी ३०० युनिटांवर आहे, तिच्या आत राहणं हेही काम आहे.

पंखे

या घराघरांतल्या वस्तूकडे कुणी बघत नाही, आणि मला तर सगळ्यात जास्त आशा इथेच वाटते. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत इंदुरात पंखा फिरतोच. जुना पंखा ७५ वॅटचा. तीन पंखे रोज बारा तास फिरले तर २.७ युनिट झाले, पाचातला निम्म्याहून जास्त वाटा. नव्या बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा तीस-पस्तीस वॅटमध्ये देतो. तिन्ही बदलले तर तोच वापर १.१ ते १.३ युनिटांवर येतो.

पण तिन्ही एकदम बदलू नका. ज्या खोलीत सगळे झोपतात तिथला आधी बदला, कारण तो सर्वांत जास्त तास फिरतो. पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू द्या. खरेदीला महारानी रोडवर जा, विजेच्या सामानाची दुकानं तिथे ओळीने आहेत. खोक्यावर स्टारचं लेबल बघा, १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ते सक्तीचं आहे. जुना पंखा ठेवणार असाल तर त्याचा खोक्यासारखा मोठा, हात लावला तर गरम लागणारा रेग्युलेटर तरी बदला. तो वेग कमी करताना वीज उष्णतेत घालवतो, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तसं करत नाही.

आणि खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करा. पंखा खोली गार करत नाही, तो माणसाच्या अंगावरचा घाम सुकवतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कुणाच्याच उपयोगाचा नाही.

फ्रिज आणि चोवीस तासांची मंडळी

फ्रिजच्या लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते छापलेलं असतं. ३६५ ने भागा, रोजचा वाटा कळेल. भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागची उष्णता निघून जायला जागा हवी. गॅसच्या शेजारी किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका. दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून दार लावा. नोट सहज ओढली गेली तर रबर सैल झालंय, बदलून घ्या. गरम वरणाचं पातेलं थेट आत ठेवू नका. डायल हिवाळ्यात खाली आणा, आणि बर्फाचा जाड थर जमणारा फ्रिज असेल तर थर बोटाएवढा होण्याआधी डीफ्रॉस्ट करा.

सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आत जागाच असतो. दहा वॅट धरले तर महिन्याला सात युनिट झाले. टीव्ही आणि बॉक्स एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या आणि रात्री बोर्डाचंच बटण बंद करा. राउटरही रात्री बंद ठेवता येतो.

मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन यांच्यासाठी जीव टांगणीला लावू नका. साडेसातशे वॅटचा मिक्सर दहा मिनिटं चालला तर एका युनिटाचा आठवा भाग. इस्त्री रोज एका शर्टासाठी तापवण्यापेक्षा रविवारी आठवड्याचे कपडे एकदम करा. मशीनमध्ये गरम पाण्याचा प्रोग्राम टाळा आणि भरल्याशिवाय लावू नका, बस. स्मार्ट मीटर असेल आणि बिलावर 'टीओडी'च्या नावाने दिवसाच्या वापराची सवलत दिसत असेल, तर मशीन, इस्त्री आणि पाण्याची मोटर दिवसाच्या त्या तासांत उरकून घ्या. गणपतीच्या दहा दिवसांत मखराला लावलेली एलईडीची माळ रात्रभर चालली तरी तिचा खर्च नगण्य आहे. ती मनमोकळी लावा.

पाणी म्हणजेच वीज

ही गोष्ट इंदुरातच जास्त खरी आहे. आपल्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं. नदी खाली निमाडात, शहर वर पठारावर. चारशे मीटरच्या आसपास चढ पंपांनी चढवून ते पाणी आणावं लागतं. हजार लिटर पाणी चारशे मीटर उचलायला, पंपातली आणि पाइपातली गळती-घट न धरताही, एक युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. खरी लागते त्याहून बरीच जास्त. विजेचा हा खर्च इतका मोठा आहे की इंदूर महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले, जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी.

तेव्हा गच्चीवरची टाकी भरून वाहत असते तेव्हा दोनदा उचललेली वीज गटारात जाते: एकदा जलूदपासून, दुसऱ्यांदा तुमच्या घरच्या मोटरने. टाकीत फ्लोट बसवा, शंभर-दोनशे रुपयांचं काम. शहराच्या पुष्कळ भागांत नळ एक दिवसाआड येतो, त्यामुळे आदल्या दिवशीचं "शिळं" पाणी ओतून टाकून नवं भरायची सवय घरोघरी आहे. ते ओतू नका, झाकून ठेवलेलं पाणी दोन दिवसांत खराब होत नाही. ओतायचंच असेल तर झाडांना, फरशीला, कूलरला घाला. आरओ असेल तर त्याचं बाजूला जाणारं पाणीही बादलीत धरा आणि फरशीला वापरा.

स्वयंपाकघर

आपल्या आज्यांची पद्धत इथे अजूनही उत्तम आहे. डाळ अर्धा तास भिजवा. कुकरमध्ये एकावर एक तीन डबे लावा: वरण, भात, बटाटे. शिटीला वाफ धरली की आच बारीक करा आणि शेवटची शिटी झाल्यावर वाफ स्वतः जिरू द्या, त्या वाफेतही डाळ शिजत असते. ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर दिसत असेल तर ती कडेने हवेत चाललीय. ज्योत पिवळी झाली तर बर्नरची भोकं पिनेने साफ करा. इंडक्शन शेगडी घेतलीत तर तिचे युनिट पाचांच्या हिशोबात धरायला विसरू नका. गॅस आहे त्या घरात ती चहा-दुधापुरती ठेवलेली बरी.

कुठून सुरुवात करायची

हे सगळं एका आठवड्यात करायला गेलात तर घरचे वैतागतील. मी ओळखीच्या नव्या बिऱ्हाडांना हा क्रम सांगते. पहिले सात दिवस काहीही बदलू नका, फक्त मीटरचा आकडा लिहा. दुसऱ्या आठवड्यात फुकटच्या गोष्टी करा: गिझरची चकती, फ्रिजची जागा, टीव्हीच्या बोर्डाचं बटण, खिडक्यांची वेळ. आकडा किती उतरला ते बघा. मग पहिला खर्च करा, झोपायच्या खोलीतला पंखा. उरलेले जुने चाळीस वॅटचे ट्यूबलाइट असतील तर नंतर तेही. ते चोकसकट पन्नासच्या वर घेतात, एलईडीची पट्टी वीसमध्ये भागवते.

गच्चीवर सोलर बसवायचा विचार याच्या नंतर यावा. पीएम सूर्य घर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॉट संच सरासरी दिवसाला चारेक युनिट देतो. वापर दिवसाला नऊ युनिटांवर असताना विक्रेता तुम्हाला तीन किलोवॉट सुचवेल. तोच वापर आधी सहावर आणला तर दीड-दोन किलोवॉटमध्ये काम होतं, आणि गच्चीवर पापड वाळवायला जागाही उरते.

बदललेल्या वस्तू माळ्यावर साठवू नका. जुना पंखा भंगारवाला तांब्यासाठी घेतो. जुने सीएफएल दिवे आणि ट्यूबलाइट यांत पारा असतो, ते फोडायचे नाहीत आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. कागदात गुंडाळा आणि सकाळी महापालिकेची गाडी आली की घातक कचऱ्याच्या वेगळ्या कप्प्यात टाका. कोणता कप्पा ते कळत नसेल तर गाडीवरच्या माणसाच्या हातात द्या.